प्रवासात विणायचा मफलर

प्रिय नीलू,

तुझे तिन्ही फोटो बघितले. पानांच्या जाळीचा तो मफलर देखणा आहे यात वादच नाही, पण 18 तासांच्या रेल्वेप्रवासात तो विणायला घेणार असशील तर आत्ताच सांगते, नको. हा शहाणपणा मी करून बसले आहे. बारा ओळींचा नमुना, त्याचा कागद मांडीवर, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोणासाठी विणताय?" उत्तर देईपर्यंत मी सातव्या ओळीवर होते की नवव्या, तेच विसरले. तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि एक टाका सुटला. साध्या विणीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने शिडी चढवल्यासारखा वर आणता येतो. जाळीत मात्र वेढे (सुईवर नुसती गुंडाळलेली लोकर) आणि जोडटाके (दोन मिळून एक विणलेले) एकमेकांत असे गुंतलेले असतात की तो आला कुठून हेच कळत नाही. दोन तासांचं काम उसवलं आणि उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत काढला.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. ओळीच्या मध्येच विणकाम पिशवीत कोंबलं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं, तर विणीकडे बघूनच पुढचा टाका कळला पाहिजे. कागद लागला की नमुना बाद.

सगळ्या ओळी सुलट, ही वीण तर या कसोटीला सहज उतरते. दोन्ही बाजू सारख्या, कडा सपाट. (एक ओळ सुलट, एक उलट असं मात्र घेऊ नकोस हं. दिसतं गुळगुळीत, पण कडा आत वळून मफलरची सुरळी होते आणि वाफ देऊनही ती पुरती जात नाही.) गप्पा मारताना, अर्धवट झोपेतसुद्धा हात चालत राहतात. पण तुला मी ओळखते. वीतभर झालं की कंटाळशील.

म्हणून तुझ्यासाठी दुसरी. चारच्या पाढ्यातला आकडा घ्यायचा आणि त्यातला एक टाका कमी करायचा. 40 ऐवजी 39 घाल. मग दोन सुलट, दोन उलट असं जात राहायचं. शेवटी तीन टाके उरतील, त्यांत दोन सुलट, एक उलट. काम फिरवलं की पुन्हा तीच ओळ, शेवटपर्यंत तीच. सगळी गंमत त्या एका कमी टाक्याची आहे! 40 असते तर स्वेटरच्या काठासारखी नेहमीची पट्टी झाली असती. 39 मुळे परतताना सुलट-उलट जागचं हलतं आणि उभ्या, खोल, धारदार रेघा उठतात. बघणाऱ्याला वाटतं, काय अवघड विणलंय. शिवाय ओळ संपताना एकटा उलट टाका आला नाही तर समजायचं, चूक याच ओळीत आहे. मागच्या दहा ओळी धुंडाळायला नकोत.

लोकर मध्यम जाडीची आणि फिक्या रंगाची घे. डब्यातल्या मिणमिणत्या उजेडात काळ्या लोकरीचे टाके दिसतच नाहीत. 200 ग्रॅममध्ये काम व्हावं. सुई 4.5 किंवा 5 मिलिमीटरची. मिलिमीटरच बघ, कारण सुयांच्या जुन्या क्रमांकात आकडा मोठा तितकी सुई बारीक, आणि तू नेमकी उलटं घेऊन येशील. जमल्यास गोल सुईवर, म्हणजे दोन टोकं लवचिक तारेने जोडलेली असतात तिच्यावर, सरळ-परत विण. एक सुई घरंगळून बाकाखाली गेली, असं होत नाही, शेजाऱ्याच्या बरगडीत टोक लागत नाही, आणि थांबायचं झालं तर टाके मधल्या तारेवर सरकवून ठेवता येतात.

टाके मात्र घरीच घाल आणि चार बोटं विणूनच निघ. हलत्या गाडीत 39 टाके मोजणं म्हणजे... तीन वेळा मोजशील आणि तीन आकडे येतील. लांबी तुझ्या उंचीएवढी झाली की टाके बंद कर, जरा सैलसर हाताने.

रंग ठरला की कळव. आणि ती पानांची जाळी टाकून देऊ नकोस. परत आलीस की दोघी मिळून घरी बसून करू, कागद समोर ठेवून.

तुझीच,
सुमा