काका, तुमच्या संथ ठेक्यासाठी

तीर्थस्वरूप काका,
सा. नमस्कार.

कोणी "गळा छान फिरतो हो" म्हणालं की तुमचं नाव ओठावर येतं, पण तुम्ही ते घेऊ देत नाही. म्हणून सगळ्यांसमोर, नुसतं 'काका' म्हणून लिहिते आहे.

त्या बैठकीत मी भूप राग मांडला होता. विशारद होऊन बरीच वर्षं झालेली, आलाप मनासारखा झाला. द्रुत, म्हणजे जलद लयीत तान घेतली आणि स्वर एकमेकांना चिकटले. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कशीबशी गाठली. असं होऊ लागल्यापासून मी रियाजात जोर वाढवत होते, घसा बसेपर्यंत वेगातच ताना घोटत होते.

साथीला तुम्ही होतात. नंतर तबल्याला गवसणी घालता घालता म्हणालात, "मूठ केवढी आवळतेस! जबडाही तसाच. मनगट ताठ झालं की आमचं तिरकिट उमटत नाही, नुसती खडखड होते."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तुम्ही दारात हजर. गुडघे दुखत असताना, डग्गा बगलेत घेऊन! सा रे ग प, एवढे चारच स्वर. त्यांचे मेरुखंडाने, म्हणजे स्वरांचा क्रम बदलत गेलं की, २४ पलटे होतात. रोज एकच घ्यायचा, 'आ'कारात. तीनतालाच्या एका मात्रेला एक स्वर. प्रत्येक स्वर सुटा, दाणेदार ऐकू आल्याशिवाय तुम्ही दुगुनीला, म्हणजे दुप्पट लयीला, हात घातला नाहीत. चौगुन, म्हणजे चौपट, तर कितीतरी दिवसांनी. माझी मूठ वळली की ठेका थांबायचा. रागवायचा नाहीत, फक्त थांबायचात.

मग पाचवा स्वर धैवत आला आणि पलटे झाले १२०. पाच स्वरांचा पलटा तीनतालाच्या १६ मात्रांत नेमका बसत नाही. घोळवत राहिलं की तालाच्या पाच आवर्तनांनीच, म्हणजे पाच फेऱ्यांनीच, त्याचा पहिला स्वर पुन्हा समेवर येतो. तोवर दर वेळी वजन वेगळ्याच स्वरावर पडतं. माझा गळा खरा सैल झाला तो तिथे. ठरलेल्या वळणाने तान फेकायची सवय सुटली, सुचेल तिथून वळता येऊ लागलं.

एका पैशालाही तुम्ही हात लावला नाहीत. काका, हे ऋण मी मनापासून मानते.

तुम्ही लेकाकडे राहायला गेल्यापासून तबल्याचं यंत्र लावते. त्याची लय चुकत नाही, पण माझी मूठ आवळली तरी ते थांबत नाही. १२० पैकी ८६ पलटे झालेत. दिवाळीत याल तेव्हा पुढचा तुमच्या ठेक्यावर घेईन.

तुमची,
खालच्या मजल्यावरची गाणारी