वास्को काउंटी ओसाड नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ओशोंच्या अमेरिकेतल्या दिवसांवरचा लेख वाचला. रोल्स रॉइस गाड्या आल्या, त्यांची सेक्रेटरी शीला आली, अटक आली, पण हे सगळं ओरेगन राज्यातल्या ज्या वास्को काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) घडलं तिच्या वाट्याला एकच वाक्य, 'ओसाड माळरान होतं'. हे वाचून राहवेना म्हणून लिहितेय. मुलगा ओरेगनमध्ये हिल्सबरोला असतो, त्यामुळे दोन उन्हाळे तो भाग फिरून झालाय, आणि मी स्वतः जिल्हा परिषदेत २८ वर्षं नोकरी केलीय, त्यामुळे कुठेही गेले की आधी तिथला कारभार कसा चालतो तेच बघते.

वास्को काउंटी १८५४ सालची. तेव्हा ती कॅस्केड डोंगरापासून थेट रॉकी पर्वतापर्यंत होती, १ लाख ३० हजार चौरस मैल, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठी! मग तिच्यातून एकेक काउंटी वेगळी होत गेली, आयडाहो, माँटाना, वायोमिंगलाही तुकडे गेले, आता २४०० चौरस मैलांच्या आसपास उरलीय. मुख्य ठिकाण द डॅल्स. तिथे १८५९ चं पहिलं कोर्टहाऊस अजून जपून ठेवलंय, लाकडी, छोटंसं, आपल्या जुन्या चावडीएवढं, खाली कोठड्या आणि वर कोर्टाची खोली.

आणि ओसाड कशी? कोलंबिया नदीच्या सेलायलो धबधब्यावर तिथले आदिवासी हजारो वर्षं साल्मन मासे धरत आले. १८५५ च्या तहात त्यांची जमीन गेली पण मासेमारीचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता. मग १० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाची दारं बंद केली आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. आपल्याकडे कोयनेत, उजनीत ज्यांची गावं बुडाली त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिथे कलेक्टर वरून नेमून येत नाही. शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख, क्लार्क म्हणजे नोंदी आणि मतदार याद्या बघणारा अधिकारी, सगळे लोकांनी निवडून दिलेले. 'काउंटी कोर्ट' असं नाव असलं तरी त्या काळात एक जज आणि दोन कमिशनर असे तिघं मिळून रस्ते, जमीन, बजेट सगळं बघायचे. म्हणून १९८१ मध्ये ओशोंच्या अनुयायांनी ६४ हजार एकरांचं बिग मडी रँच घेतल्यावर तिथे शहर करायचा अर्ज या तिघांपुढेच आला आणि २ विरुद्ध १ मतांनी पुढे गेला. पण ओरेगनमध्ये शेतजमिनीवर शहर उभं करायला १९७३ पासून कडक कायदा आहे, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. शेजारचं अँटिलोप, जेमतेम ४०-५० वस्तीचं गाव, तिथली नगर परिषद त्यांनी मतांच्या जोरावर ताब्यात घेतली आणि गावाचं नावसुद्धा बदलून रजनीश, म्हणजे ओशोंचं तेव्हाचं नाव, करून टाकलं.

मग १९८४ ची काउंटीची निवडणूक. ऑगस्टमध्ये जज बिल हल्स आणि एक कमिशनर रँचवर पाहणीला गेले होते, परत निघताना बघतात तर गाडीचं टायर बसलेलं, ऊन मी म्हणत होतं, कोणीतरी पाण्याचे ग्लास आणून दिले, ते प्यायले आणि दोघंही आजारी पडले, हल्सना तर हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. पुढच्या दोन महिन्यांत द डॅल्समधल्या १० हॉटेलांच्या सॅलडमध्ये वगैरे रँचवरच्या काही जणांनी पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू मिसळले, ७५१ माणसं आजारी पडली. कशासाठी, तर मतदार घरी आडवे पडावेत आणि रँचचे उमेदवार निवडून यावेत म्हणून! नशीब एकही दगावलं नाही. सगळ्या अनुयायांना मी यात ओढत नाही, तिथे दिवसरात्र राबणाऱ्या हजारोंना याचा पत्ताही नसेल, पण झालं ते झालंच आणि त्यात शिक्षाही झाल्या.

त्याच वेळी शहरोशहरीचे हजारो बेघर लोक बसमध्ये घालून आणले, मतदार म्हणून नोंदवायला. आणि इथे काउंटी क्लार्क बाई ठाम उभ्या राहिल्या. नव्याने नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाने समक्ष सुनावणीला यायचं, म्हणाल्या. डाव तिथेच फसला. मी मतदार याद्यांचं काम केलंय, दारात घोळका उभा असताना एकेक नाव तपासायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तुमच्या लेखात या बाईंचा उल्लेखसुद्धा नाही.

अँटिलोपच्या पोस्टासमोर झेंड्याच्या खांबाखाली एक फलक आहे, १९८१ ते ८५ या काळात गाव न सोडता जे टिकून राहिले त्यांच्यासाठी. त्यावर 'आक्रमण' या अर्थाचा शब्द कोरलाय. मी पुण्याची, माझ्या ओळखीत कोरेगाव पार्कच्या ओशो आश्रमात जाणारे कितीतरी जण, त्यामुळे तो शब्द वाचून मला कसंतरीच झालं, मुलाने मराठीत करून सांगायची गरजच पडली नाही. पुढच्या लेखात या लोकांना जागा द्या, दोन कॉलम तरी.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे