शामराव हिवाळे यांचे नाव कुठे आहे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत समोरासमोरच्या पानांवर दोन लेख होते. एक जंगलातल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांवर आणि त्यांनी घडवलेल्या धर्मांतरांवर, दुसरा मध्य प्रदेशातल्या पाटणगढ या गोंड चित्रकारांच्या गावावर. पहिल्या लेखातला प्रत्येक मिशनरी गोरा होता. दुसऱ्यात गावाचा इतिहास 1981 साली, भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी कलावंत शोधणाऱ्यांना चित्रकार जनगढसिंह श्याम सापडले तिथून सुरू झाला. या दोन्ही लेखांत ज्याचे नाव यायला हवे होते तो माणूस मराठी ख्रिस्ती होता, शामराव हिवाळे. मीही मराठी ख्रिस्ती, नगरची (नवे नाव अजून तोंडात बसत नाही), म्हणून हे जरा जास्त लागले.

शामराव पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले. व्हेरियर एल्विन हे इंग्रज पाद्री 1927 साली त्याच संघात दाखल झाले. पुढे ते गांधीजींच्या नादी लागले आणि सरकारच्या डोळ्यांत खुपू लागले. गोंडांमध्ये काम करा, हे त्यांना सुचवले जमनालाल बजाजांनी. जानेवारी 1932 मध्ये दोघे अमरकंटकजवळच्या करंजिया गावात पोचले. तेव्हा तो मध्य प्रांतातला मंडला जिल्हा होता आणि राजधानी आपले नागपूर. मातीच्या झोपड्या, एक छोटे प्रार्थनाघर, शाळा, दवाखाना आणि पुढे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम. गोंडांसाठी एल्विन झाले बडाभाई आणि शामराव छोटाभाई.

त्या आश्रमाबद्दल मला थोडे जास्त बोलायचे आहे, कारण माझी नोकरी कुष्ठरोग विभागात परिचारिका म्हणून झाली. माझ्या उमेदीच्या काळात डॅप्सोनच्या गोळ्या होत्या आणि 1982 नंतर एकत्रित औषधोपचार आले. रोगी बरा होऊन घरी जाताना आम्ही पाहिला. 1932 साली यातले काहीही नव्हते. कडू कवठाच्या तेलाची सुई हेच काय ते औषध, तीही भयंकर दुखणारी, आणि गुणाची खात्री नाही. रोग पळवता येत नसताना उरते ते जखम धुणे, पट्टी बांधणे, बधिर पायाला रात्री उंदीर चावला का ते सकाळी पाहणे. हे काम भाषण देऊन होत नाही. एल्विन लिहिणारे, देशभर फिरणारे. रोजचा आश्रम सांभाळला तो मुख्यतः शामरावांनी.

आता धर्मांतराचे. कुणालाही ख्रिस्ती करायचे नाही, असे या दोघांनी ठरवले होते. नागपूरचे बिशप अलेक्स वूड यांना हे मुळीच पटले नाही. राजनिष्ठेची शपथ घ्यायलाही एल्विन तयार नव्हते. बिशपांनी त्यांना धर्मोपदेशाचा परवाना नाकारला आणि 1935 साली एल्विन चर्चमधून बाहेर पडले. पुढे 1944 साली मंडल्यात डच कॅथलिक पाद्री शाळांच्या आधाराने गोंडांना बाप्तिस्मा देत असल्याचा आरोप झाला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठवला तोही याच माजी पाद्र्याने. आपल्या लेखकाला हवा तो पुरावा खुद्द मिशनऱ्याच्या लेखणीतून आयता मिळाला असता, पण त्यासाठी मिशनऱ्यांमध्ये दोन जाती असतात हे मान्य करावे लागले असते.

मी एल्विन यांची आरती ओवाळत नाही. 1940 साली त्यांनी कोसी या गोंड मुलीशी लग्न केले, 1949 साली घटस्फोट दिला, आणि नंतर ईशान्य भारतात सरकारचे सल्लागार म्हणून मान मिळवला. कोसीबाई मागे राहिल्या. 2010 पर्यंत जगल्या, त्यांची दखल फार थोड्यांनी घेतली. आदिवासींवर ग्रंथ लिहिणाऱ्याच्या घरातलीच ही गोष्ट, ती चरित्रकारांनी लपवलेली नाही आणि आपणही लपवू नये.

करंजियाहून दोघे पुढे पाटणगढला आले होते. एल्विन 1954 साली शिलाँगला गेले. शामराव पाटणगढलाच राहिले. हो, तेच पाटणगढ, तुमच्या दुसऱ्या लेखातले! जनगढसिंह ज्या परधान समाजाचे, ते गोंडांचे भाट. गोंडांच्या बडादेवापुढे बाना हे तंतुवाद्य वाजवून वंशावळी गाणारे. त्या परधानांवर शामरावांनी 1946 सालीच इंग्रजीत एक स्वतंत्र पुस्तक लिहून ठेवले आहे. चित्रे त्यांच्यामुळे निर्माण झाली असे मी म्हणत नाही, ते परधानांचेच देणे. पण भारत भवनवाल्यांच्या पस्तीस वर्षे आधी या समाजाची गाणी आणि गोष्टी कुणी मांडी घालून ऐकल्या असतील, तर त्या एका मराठी माणसाने.

आमच्या चर्चमध्येही शामरावांबद्दल विचारून पाहिले. रेव्हरंड टिळकांची भजने सर्वांना पाठ, शामराव कुणालाच माहीत नाहीत. बाप्तिस्म्यांचा आकडा नाही म्हणून चर्चच्या अहवालात त्यांना जागा नाही, आणि ख्रिस्ती होते म्हणून समाजसुधारकांच्या यादीत नाही. आपल्याकडे बाबा आमट्यांवर दरवर्षी लेख येतात, ते योग्यच आहे. त्याच पानावर कधी शामरावांसाठी एक कॉलम मिळावा. पुण्या-मुंबईच्या जुन्या ग्रंथालयांत त्यांचे परधानांवरचे पुस्तक शोधायला आपला वार्ताहर पाठवता आला तर उत्तमच. आणि ही मालिका पुढे चालणार असेल, तर पुढचा लेख लिहिणाऱ्याने आधी पाटणगढला जाऊन म्हाताऱ्या माणसांना छोटाभाईंबद्दल विचारावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर