रात्री परत आवाज झाला

निलंगा, रविवार

प्रिय दत्ता,

आठ महिने झाले, पत्र नाही की फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. इकडं सगळे बरे. बाईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच.

परवा रात्री आवाज झाला. तोच, जमिनीतून गुरगुरत आलेला. पत्रे थरारले. मी लुंगी सावरत बाईला उचलून अंगणात, आणि पोरगं दारात उभं राहून म्हणतं, "पप्पा, दोन रिश्टरचा पण नसंल." ते ९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जन्मलेलं, त्याचा काय दोष? तू असतास तर आधी चप्पल शोधली असतीस, त्या पहाटेसारखी. विसर्जनाहून आलेला नाम्या उठलाच नाही, आणि तू चप्पल शोधत होतास लेका!

मग झोप कसली येते. तुझा जैतापुराकडचा, त्या अणुवीज प्रकल्पाच्या जागेजवळचा प्लॉट डोक्यात बसला. साहेब म्हणाले जागा सुरक्षित आहे, असं तू लिहिलंस. मी इकडं रात्रभर जागा.

२०११ ला मीच तुला म्हणालो होतो, इथं आम्ही लोडशेडिंगमधी मरतोय अन् तुम्हाला माशांची पडलीय. त्याच आठवड्यात साखरी नाट्याला प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात माणूस गेला होता. तू फोन आपटलास ते बरोबरच केलंस. लाईट मला आजही पाहिजे, ते सोडत नाही. पण 'सुरक्षित' म्हटलं की पोटात गोळा येतो. किल्लारी भूकंपाच्या नकाशावर झोन एकमधी होती, देशातली सगळ्यात निर्धास्त जमीन. २००२ ला नकाशावाल्यांनी तो झोनच काढून टाकला अन् आपल्याला तीनमधी घातलं. तोवर गाव दुसरीकडं वसलं होतं.

२०११ लाच जपानात भूकंप झाला तशा फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या चालू अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या, चुकलं काही नाही. पण आपली मोटार बंद केली की बंद, तसं तिथं नसतं. इंधन तापतच राहतं, पाणी फिरवायला पंप लागतो, पंपाला लाईट. बाहेरची लाईन तुटलेली, जनरेटर सुनामीत बुडाले. वीज बनवणाऱ्यालाच लाईट नाही! तुमच्याकडं तर १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या व्हायच्यात. पोरगं म्हणतं, प्रकल्पाची जागा, माडबनचा सडा, उंच आहे, भूकंप धरूनच बांधतात. असंल. मी ऊस लावणारा माणूस.

मला एवढंच सांग. किल्लारीसारखं पहाटे तीन छप्पन्नला काही झालं तर तुला उठवणार कोण? भोंगा कुठं आहे? किरणोत्सर्गात घ्यायच्या आयोडीनच्या गोळ्या कुणाकडं? अन् किरणोत्सर्ग झाला की म्हणतात, घरात थांबा, दारं-खिडक्या लावून घ्या. दत्ता, आपण दोघं जमीन गुरगुरल्यावर घरात थांबू का रे? बाई तर अजून दाराला कडी लावू देत नाही.

चिंगीचा बारावीचा निकाल कळला, शाब्बास म्हण तिला. वहिनींना नमस्कार. बदलीचं काय झालं?

प्लॉटचा बयाणा दिलास की अजून हातात आहे, ते आधी कळव.

तुझा,
बालाजी

ता. क. नाम्याच्या आईला दिवाळीत भेटून आलो. तुझं विचारत होती. मी सांगितलं, समुद्राकाठी आहे, मजेत आहे.