घराचा भाव ठरल्यावर वाढतो, कारण पावती कच्ची असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुळे सोलापूर, होटगी रोड, शेळगी या भागांत जुने घर किंवा फ्लॅट घेणाऱ्यांवर हल्ली एक प्रसंग वरचेवर येतो. भाव ठरतो, पेढे वाटले जातात, विसार (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) दिला जातो आणि पंधरा-वीस दिवसांनी मालकाचा फोन येतो, “घरच्यांचं म्हणणं पडलं, तीन लाख वाढवून द्या, नाहीतर राहू द्या.” तोवर बँकेत कर्जाचे प्रकरण गेलेले असते, भाड्याचे घर सोडतो म्हणून सांगून झालेले असते. घेणारा एकतर मुकाट्याने कबूल होतो, नाहीतर चिडून पोलीस चौकी गाठतो. दोन्हींत नुकसान त्याचेच होते. दस्त लिहिण्याच्या कामात हे सतत दिसते, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

दुखण्याचे मूळ विसार पावतीत असते. स्टँपपेपरवर चार ओळी: “आज रोजी घराचे विसारापोटी रोख ५१,००० रुपये मिळाले, बाकी रक्कम खरेदीचे वेळी घेईन.” खाली एक सही, एक साक्षीदार, संपले. एकूण किंमत लिहिलेली नाही. सिटी सर्व्हे नंबर नाही, चतुःसीमा नाही, खरेदी कधीपर्यंत करायची ती तारीख नाही. या कागदाने फार तर एवढेच दिसते की ५१ हजार दिले. भाव काय ठरला होता, हे सांगायला मध्यस्थाशिवाय कोणी उरत नाही आणि मध्यस्थ ऐनवेळी दोन्हीकडे मान डोलावतो.

पावतीत आकड्यांत आणि अक्षरी एकूण किंमत हवी आणि तिच्यापुढे हे वाक्य हवे: “सदर किंमत अंतिम असून बाजारभाव, रेडिरेकनर (सरकारी मूल्यदर) अथवा अन्य कोणत्याही कारणाने तीत वाढ मागण्याचा लिहून देणार यांस अधिकार राहणार नाही.” त्याखाली मिळकतीचे पूर्ण वर्णन, साठेखत (खरेदीआधीचा विक्री करार) नोंदवण्याची तारीख, खरेदीखताची तारीख, मिळकतीवर कर्ज असल्यास ते कोणी, कधी व कशातून फेडायचे, आणि मालक फिरला तर काय, हे सारे यावे. “फिरल्यास विसाराच्या दुप्पट देईन” असे अनेक जण लिहून घेतात. लिहावे जरूर, पण दुप्पट रक्कम आपोआप पदरात पडेल या भ्रमात राहू नये. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार कोर्ट वाजवी भरपाई किती ते पाहते. ताबा दिल्याचे वाक्य मात्र विसार पावतीत चुकूनही घालू नये. ताबा आला की मुद्रांक कायदा त्या कागदाला खरेदीखतासारखे धरतो, आणि पूर्ण शुल्क व दंड भरल्याशिवाय कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून अशा कागदांना किमान ५०० रुपयांचा स्टँप लागतो; कपाटात पडलेला शंभराचा जुना पेपर वापरू नये.

विसार बँकेतूनच द्यावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने बंदी आहे आणि ती रोकड स्वीकारणाऱ्या मालकाला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मालकाला हे शांतपणे समजावले की तो चेकला तयार होतो. चेकवर किंवा ट्रान्स्फरच्या तपशिलात “घर विसार” एवढे दोन शब्द लिहिले तरी पुढे ते बोलतात.

आता सह्या. सोलापुरात भाव वाढण्याचे सगळ्यात मोठे कारण इथेच आहे. शुक्रवार पेठ, साखर पेठ, भवानी पेठेतली जुनी घरे प्रॉपर्टी कार्डावर वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावे असतात. बोलणी करतो थोरला मुलगा, सही तोच करतो. भिवंडीतला धाकटा भाऊ आणि हैदराबादला दिलेली बहीण यांना व्यवहार नंतर कळतो. मग बहीण म्हणते, “माझ्या सहीचे काय?” तिचे म्हणणे गैर नाही. वारस म्हणून मुलीचा वाटा असतोच, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तिचा वाटा कोणाच्या खिशातून द्यायचा यावर घरात वाद होतो आणि तो घेणाऱ्याच्या डोक्यावर “तीन लाख वाढवा” म्हणून येऊन पडतो. विसाराआधी प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, वारस नोंद आणि महापालिकेची कर पावती समोर ठेवून प्रत्येक नावापुढे सही घ्यावी. बाहेरगावचा माणूस येऊ शकत नसेल तर त्याचे कुलमुखत्यारपत्र विसाराच्या आधी पाहावे, नंतर नव्हे.

भाषेचाही मुद्दा आहे. या शहरात सही करणाऱ्या आजी-आजोबांची घरची भाषा पुष्कळदा तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असते आणि कागद मराठीत असतो. “मजकूर तेलुगूत समजावून सांगितला, तो मान्य आहे” असे वाक्य आणि समजावणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही असावी. “काय लिहिलं होतं ते आम्हाला कळलंच नाही” ही पळवाट त्याने बऱ्याच अंशी बंद होते.

दुसरे कारण मध्यस्थाच्या व्यवहारात दडलेले असते. “माझ्या हातात पस्तीस, वरचे तुमचे,” असे मालक एजंटला सांगतो. एजंट अडतीसला घर ठरवतो. पुढे कुठेतरी मालकाच्या कानावर अडतीस येते आणि तो बिथरतो. म्हणून भाव ठरताना मालक आणि घेणारा समोरासमोर बसले पाहिजेत, आणि एजंटचे कमिशन टक्क्यांत वेगळे लिहिले पाहिजे.

तिसरे कारण म्हणजे मधला रिकामा काळ. सर्च रिपोर्ट (मालकी व बोजे तपासल्याचा अहवाल), जाहीर नोटीस, कर्जमंजुरी यांत तीन-चार आठवडे जातात, ते समजू शकते. पण “पितृपंधरवडा आहे, साठेखत दसऱ्याला करू”, “अधिक महिना संपू दे” म्हणून घालवलेले दिवस घेणाऱ्याला महागात पडतात. त्याच दिवसांत दुसरे गिऱ्हाईक येऊन जाते. मुहूर्त वास्तुशांतीला बघावा. साठेखत कागद तपासून झाले की लगेच नोंदवावे. साठेखताने मालकी येत नाही हे खरे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये तसे स्पष्ट आहे. पण नोंदलेले साठेखत नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टू या सूचीत दिसते, त्यामुळे नंतर येणाऱ्याला “मला माहीतच नव्हते” म्हणता येत नाही. महाराष्ट्रात साठेखतावर मुद्रांक शुल्क आधीच पूर्ण भरले जाते आणि पुढे खरेदीखताच्या वेळी ते वळते होते, म्हणून “दोनदा खर्च कशाला” ही सबबही टिकत नाही.

मालक रेडिरेकनरचे नाव हमखास पुढे करतात. १ एप्रिल २०२५ पासून सोलापूर महापालिका क्षेत्राचे दर १०.१७ टक्क्यांनी वाढले, ती वाढ राज्यात सर्वाधिक होती. त्यातच होटगी रोडच्या विमानतळावरून विमाने उडू लागली, त्यामुळे त्या बाजूच्या प्रत्येक मालकाला आपले घर एकदम महागल्यासारखे वाटते. पण रेडिरेकनर मुद्रांक शुल्क काढण्यासाठी असतो, ठरलेला भाव मोडण्यासाठी नाही. शुल्क भरायचे ते घेणाऱ्याला. आणि आयकरासाठी साठेखताच्या दिवशीचे मूल्य धरता येते, अट एवढीच की त्या दिवशी किंवा त्याआधी काही रक्कम बँकेतून दिलेली हवी.

कधी कधी मालकाची अडचण खरी असते. घर विकून होणाऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर किती बसेल याचा हिशेब त्याने आधी केलेला नसतो. २३ जुलै २०२४ पासून हा कर महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता साडेबारा टक्के आहे. त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह वीस टक्क्यांचा पर्यायही आहे. सीएकडे जाऊन आल्यावर मालक घाबरतो आणि कराची रक्कम भावात चढवू पाहतो. अशा माणसाला दुसऱ्या घरात पैसे गुंतवून मिळणारी सवलत दाखवली तर तीन लाखांची मागणी पुष्कळदा तिथेच विरते. कारण न विचारता भांडायला उठणे हे म्हणून चूक.

वाढीव पैसे कबूल करण्याआधी हिशेब मांडून पाहावा. घर ३८ लाखांचे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, म्हणजे ३०,४०,०००. स्वतःचे ७,६०,०००. शहरातले सहा टक्के मुद्रांक शुल्क २,२८,०००, नोंदणी शुल्क कमाल मर्यादेचे ३०,०००. खिशातून एकूण १०,१८,०००. आता मालकाने ४१ लाख केले. बँक करारातली किंमत आणि आपल्या मूल्यांककाने ठरवलेली किंमत यांतली कमी असेल ती धरते. मूल्यांकन ३८ वरच राहिले तर कर्ज एक रुपयाने वाढत नाही. स्वतःचे १०,६०,०००, मुद्रांक २,४६,०००, नोंदणी ३०,०००, एकूण १३,३६,०००. तीन लाखांची वाढ खिशाला ३,१८,००० ला पडते, तीही सगळी स्वतःच्या पैशांतून. खरेदी स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते, पण ती आधीपासूनच धरायची गोष्ट आहे. आणि “वरचे तीन रोखीत द्या, कागदावर अडतीसच राहू दे” याला तर मुळीच होकार देऊ नये. ते पैसे दिल्याचा पुरावा कुठेच राहत नाही.

फोन आलाच तर काय करावे? फोनवर “बघू, एखादा लाख वाढवतो” असे बोलू नये. तेवढ्यानेच भाव पुन्हा खुला झाला असे मालकाला म्हणता येते. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावे: “आजच्या फोनवर आपण तीन लाख जास्त मागितले. ठरलेली किंमत ३८ लाख आहे, आम्ही त्यावर कायम आहोत, अमुक तारखेला साठेखतास तयार आहोत.” मालकाचे उत्तर काहीही आले तरी उपयोगी पडते. आठवड्यात मार्ग निघाला नाही तर वकिलामार्फत पोचपावतीसह नोटीस पाठवावी, सोबत कर्जमंजुरीचे पत्र जोडावे आणि दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहण्याची तारीख-वेळ द्यावी. त्या दिवशी घेणाऱ्याने पैशांची तजवीज घेऊन स्वतः तिथे जावे, हजर असल्याचा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. सोबतच वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी की या मिळकतीचा विसार झालेला आहे. ती का, तर ज्याला काहीच माहीत नव्हते आणि ज्याने पूर्ण पैसे मोजून घर घेतले, त्या तिसऱ्या माणसाला विशिष्ट अनुतोष कायदा (ठरलेला करार कोर्टातून पुरा करून घेण्याचा कायदा) संरक्षण देतो.

खरेदी करून मिळावी म्हणून करायच्या दिवाणी दाव्याची मुदत खरेदीच्या ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे. तारीख नसेल तर मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षे. पण तीन वर्षे आहेत म्हणून बसून राहणाऱ्याचा दावा दुबळा होतो. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने करार पुरा करून घेण्याचा हक्क बळकट झाला, तरी घेणारा आपल्या बाजूने सतत तयार व राजी होता हे दिसावेच लागते. म्हणून कर्जमंजुरीची मुदत संपली तर ती वाढवून घ्यावी, बँकेतली रक्कम मोडू नये. दाव्यात मनाईहुकूम मागावा आणि “खरेदी होत नसल्यास विसार परत” ही पर्यायी मागणीही लिहावी. ती न लिहिल्यास तो परतावा मिळत नाही. पोलिसांकडे धावून फारसे निघत नाही. शब्द फिरवणे ही दिवाणी बाब आहे. एकच घर दोघांना दाखवून दोघांकडून विसार घेतला, किंवा आधीच विकलेले घर पुन्हा विकायला काढले, तर गोष्ट वेगळी. तिथे भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ येऊ शकते.

ज्याला कोर्टाची वर्षे परवडणार नाहीत त्याने विसार परत घेऊन बाजूला व्हावे, त्यात कमीपणा नाही. फक्त पैसे खात्यावर जमा होईपर्यंत मूळ पावती परत देऊ नये आणि रद्दलेखावर (व्यवहार रद्द केल्याच्या कागदावर) सही करू नये.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणाऱ्यांना रेराचा (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा) आधार आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि तक्रार थेट महारेराकडे करता येते. जुन्या घराच्या खरेदीला यातले काहीच लागू नाही. तिथे घेणाऱ्याच्या हातात ती एक पावती असते.

म्हणून एक विनंती. सोलापुरातल्या दुय्यम निबंधक कार्यालयांच्या दर्शनी भागात विसार पावतीचा एक चांगला नमुना मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लावावा. वकील संघटनेने तो तयार करून दिला तर कार्यालयाला फक्त चिकटवायचे काम उरते. सारा मजकूर एका पानात बसतो. आपल्या वृत्तपत्राने जाहीर नोटिसांच्या पानावर एखाद्या रविवारी तो छापला, तर विसार देण्याआधी कात्री घेऊन कापून ठेवणारे वाचक पुष्कळ निघतील.

आपला विश्वासू,
एक दस्तलेखक, सोलापूर