गॅस भरला म्हणता, मग बिलावर ग्रॅम का नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिशेबखात्यात माझी ३१ वर्षे गेली. निवृत्त झाले तरी कागद जपायची खोड गेली नाही, म्हणून हे पत्र लिहिता येतेय. समोर चार बिले आहेत. चारही आमच्या २००८ सालच्या छोट्या गाडीच्या एसीची, गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून यंदाच्या मार्चपर्यंतची. १,८००, १,८००, २,००० आणि २,२०० रुपये, एकूण ७,८००. चारही बिलांवर मजकूर एकच : 'एसी गॅस भरला'. किती भरला, आधीचा कुठे गेला, चकार शब्द नाही. अशी व्हाउचरे माझ्या टेबलावर आली असती तर शेरा मारून परत पाठवली असती.

यजमानांना दर महिन्याला तपासणीसाठी बांबोळीला न्यावे लागते. म्हार्दोळहून निघालो की कुंडईपर्यंत गाडी गार. भोमला तो अरुंद रस्ता आला, पुढे बस आणि मागे ट्रक अशी कोंडी झाली, की एसीतून कोमट वारा. बाणस्तारीचा पूल ओलांडून गाडी पळू लागली की पुन्हा गार. हे मी प्रत्येक गॅरेजमध्ये सांगितले. ऐकून कुणीच घेतले नाही. "मॅडम, गॅस कमी झालाय," हे निदान बॉनेट उघडायच्या आधीच तयार. तिसऱ्या ठिकाणी तर कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, गेलाय म्हणून १८,००० चा आकडा तोंडावर फेकला आणि मी नको म्हणताच गॅस भरून दिला. साखळी गावात राहणारी लेक म्हणाली, "आई, १७ वर्षांची गाडी, विकून टाक." पण १५ वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून घेतलेली गाडी एसीपायी विकायला माझे मन होईना.

पाचव्यांदा गेले ते एका गल्लीतल्या लहान गॅरेजात. पंचविशीतला मुलगा. त्याने सिलिंडरला हातच लावला नाही. आधी विचारले, "काकी, गाडी रावल्यारच (थांबल्यावरच) गरम जाता न्हय?" वर्षभरात हा प्रश्न पहिल्यांदा मला कुणी विचारला! इंजिन चालू करून, एसी लावून त्याने मला पुढे वाकून बघायला सांगितले. रेडिएटरजवळचा पंखा ढिम्म. गॅसने गाडीतून उचललेली उष्णता पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, बाहेर पडते. गाडी पळताना तिला आपोआप वारा मिळतो. भोमच्या कोंडीत उभे राहिल्यावर पंख्यानेच वारा घालायचा, आणि त्याची मोटर जळलेली.

हे अर्धेच झाले. गॅसही खरोखरच कमी होता. त्याने नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरला आणि ब्रशने सगळीकडे साबणाचे पाणी फासले. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, बंपरच्या आड, फेसाचा एक बारीक फुगा फुगत राहिला. तिथे तेलकट डाग होताच, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे थोडे बाहेर येते. लेकीकडे जाऊन-येऊन साठलेली तांबडी माती आणि आमच्या अंगणातल्या आंब्याची पाने त्या कोपऱ्यात गच्च बसलेली. पावसाळाभर ओली राहून त्यांनी ॲल्युमिनियम खाल्ले होते. आणि तिसऱ्या गॅरेजने मेलेला ठरवलेला कॉम्प्रेसर? गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच त्याला सुरूच होऊ देत नाही, तो जळू नये म्हणून. बिचारा नुसता गप्प बसला होता.

"गॅस म्हळ्यार पेट्रोल न्हय काकी, तो जळना," तो म्हणाला. बंद नळ्यांत तोच गॅस फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, ते वेगळे. तीन-चार महिन्यांत संपला तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

नवा कंडेन्सर, पंख्याची मोटर, ओलावा शोषणारा ड्रायर, रबरी रिंगा. मग अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा नि ओलावा पंपाने खेचून काढणे, आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून ४५० ग्रॅम गॅस. बॉनेटखालच्या पट्टीवर छापलाय तेवढाच. जास्त भरला तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो, हेही मला तिथेच कळले. बिल ९,४०० चे, पण ओळ न् ओळ लिहिलेले. मे गेला, चवथ गेली, गारवा तसाच आहे.

आणखी एक हिशेब. हा गॅस आर-१३४ए. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. माझ्या बिलांवर ग्रॅम नाहीत. दर खेपेला ३०० धरले तरी १.२ किलो हवेत गेला, म्हणजे सुमारे १.७ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे. माझ्या गाडीतून, माझ्या पैशाने. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा २०१६ चा किगाली करार देशाने २०२१ मध्ये स्वीकारला. तो आमच्या फोंड्याच्या गॅरेजांपर्यंत कधी पोचणार?

माझी मागणी लहानशी आहे. एसीच्या प्रत्येक बिलावर गॅस किती ग्रॅम भरला, व्हॅक्यूम किती मिनिटे ठेवला आणि गळती कुठे सापडली, एवढे लिहिणे सक्तीचे करावे. बाजारात मासळीवाली बांगडेसुद्धा आपल्या डोळ्यांसमोर मोजून पिशवीत टाकते. वजनमापे खात्याने एकदा या सिलिंडरांखालच्या काट्यांकडेही बघावे. काटे असतील तर!

आपली,
एक निवृत्त लेखा कर्मचारी,
म्हार्दोळ, फोंडा

ता. क. : एसी लावल्यावर गाडीखाली पाणी ठिबकते म्हणून आमच्या शेजारीणबाई घाबरल्या होत्या. ते आपल्या दमट हवेतलेच पाणी, गॅस नव्हे. मात्र ते ठिबकायचे थांबून पायाखालची मॅट भिजू लागली, तर पाण्याची नळी पाल्याने तुंबली समजावे.