लिबियाला विमानं, बहारीनला रणगाडे

ति. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, लोकांना वाचवायला गेलेल्या विमानांनी लिबियाचा हुकूमशहा गडाफी याची राजवटच कशी उलथवली, असं तुम्ही विचारलंत. उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने केलेल्या ठरावाच्या मजकुरातच आहे.

पूर्व लिबियातल्या बेनगाझीत गडाफीविरोधी निदर्शनं पेटली फेब्रुवारी 2011च्या मध्याला. 26 तारखेला सुरक्षा परिषदेने ठराव 1970 (हे साल नव्हे, क्रमांक) एकमताने केला: शस्त्रबंदी, गडाफी कुटुंबाची मालमत्ता गोठवणं, प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे. 12 मार्चला अरब लीगनेच (अरब देशांच्या संघटनेनेच) विमानबंदी, म्हणजे लिबियाच्या आकाशात उड्डाणांना मनाई, मागितली, त्यामुळे नकाराधिकार वापरणं रशिया-चीनला अवघड झालं. 17 मार्चला ठराव 1973 आला. 10 मतं बाजूने, विरोधात एकही नाही. भारत, चीन, रशिया, जर्मनी, ब्राझील तटस्थ. आई, आपली माणसं भारताने त्याआधीच जहाजांनी आणि विमानांनी बाहेर काढायला घेतली होती.

मेख चौथ्या कलमात आहे. नागरिकांच्या रक्षणासाठी 'सर्व आवश्यक उपाय', तेही आधीच्या शस्त्रबंदीची आडकाठी न ठेवता. फक्त परकी फौजेने देश व्यापायचा नाही. याच फटीचा आधार घेऊन फ्रान्सने पश्चिम लिबियातल्या नफूसा डोंगरातल्या बंडखोरांसाठी विमानातून हत्यारं टाकली. कतारनेही पुरवली.

19 मार्चला फ्रेंच विमानांनी बेनगाझीकडे येणाऱ्या तुकड्या फोडल्या. इथवर कृती ठरावाला धरून होती. मग गडाफीचे सैनिकही रणगाडे सोडून बंडखोरांसारख्या पिकअप गाड्यांतून लढू लागले. वरून कोण कुणाचा ते कळेना, म्हणून लक्ष्य दाखवायला जमिनीवर परकी माणसं लागली. 31 मार्चपासून सूत्रं नाटोकडे (अमेरिका-युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीकडे) होती. बॉम्बही आता लष्करी मुख्यालयांवर पडू लागले, म्हणजे रक्षण आणि सत्तापालट यांतली रेघ पुसली गेली. 20 ऑक्टोबरला सिर्तमधून निघालेल्या गडाफीच्या ताफ्यावर नाटोने हल्ला केला. मग बंडखोरांनी त्याला पकडलं आणि तो मारला गेला. 31 ऑक्टोबरला मोहीम संपली. टोळ्यांकडची हत्यारं गोळा कुणी करायची, हे मात्र कुणी ठरवलंच नव्हतं. काही माली या देशापर्यंत पोचली; 2014पासून लिबियात दोन सरकारं झाली.

आता त्याच मार्चमधल्या आठवड्यातलं बहारीन बघा. तिथेही राजवटीविरुद्ध निदर्शनं चालली होती. 14 मार्चला सौदीचे सुमारे 1000 सैनिक दोन्ही देशांना जोडणाऱ्या किंग फहद पुलावरून आत आले, अमिरातीने सुमारे 500 पोलीस पाठवले. 16 तारखेला राजधानी मनामातला, निदर्शकांनी धरलेला पर्ल चौक रिकामा करवला, 18 तारखेला तिथलं स्मारकच पाडलं. राजाने बोलावलं म्हणून सगळं कायदेशीर! अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचा तळ तिथेच आहे. सुरक्षा परिषदेत ठराव आला नाही. आणि याच अमिरातीने थोड्याच दिवसांत लिबियाच्या मोहिमेला 12 लढाऊ विमानं दिली.

ऑक्टोबर 2011मध्ये सीरियातल्या दडपशाहीचा निषेध करणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा रशिया-चीनने नकाराधिकार वापरला. लिबियात फसवलं गेल्याची सल त्यामागे होती, असं मला वाटतं. सीरियात तार्तूसला रशियाचा नाविक तळही होताच. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

तुमची,
लेक